कंपवाताच्या शोधाची दीडशे वर्षे

घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती हळूहळू मंद होत जाते. चालताना पावले आखूड पडू लागतात. अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी वाचेनासे होते. स्वस्थ बसले असता अंगठा आणि तर्जनी, जपमाळेचे मणी ओढावेत तशी, आपोआप हलत राहतात. आणि चेहरा असा निश्चल होतो की, आनंदाची वार्ता ऐकूनही त्यावर रेषा उमटत नाही. घरची माणसे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, नोकरी सुटल्यापासून उमेद खचली. आणि जी व्यक्ती आयुष्यभर हसतमुख म्हणून ओळखली गेली, ती आता आपल्यावर रुष्ट आहे, असे मनात घेऊन नातवंडेही दूर राहू लागतात. पुष्कळदा यांपैकी एकही निदान खरे नसते. खरे कारण मेंदूच्या तळाशी, बोटाच्या पेराहूनही लहान अशा एका काळसर पट्ट्यात दडलेले असते.

या विकारास आपण कंपवात म्हणतो. पाश्चात्त्य वैद्यक त्यास पार्किन्सनचा रोग म्हणते. त्याचे पहिले व्यवस्थित वर्णन १८१७ साली प्रसिद्ध झाले आणि रोग्यास खरोखर उठवून चालविणारी उपचारपद्धती १९६७ साली जगापुढे आली. मध्ये बरोबर दीडशे वर्षे गेली. या दीडशे वर्षांचा इतिहास पाहू लागले म्हणजे एक गोष्ट विशेष जाणवते. उत्तरास लागणारे दुवे बऱ्याच आधीपासून एकेक करून हाती येत होते. परंतु एक लंडनमध्ये होता, एक पॅरिसमध्ये, एक मद्रासेत, एक कलकत्त्यात. सरकारी कामकाजात आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्यास हा प्रकार ओळखीचा वाटतो: कागद सगळे हजर असतात, पण ते एका फायलीत नसतात. ज्ञान नसल्यामुळे जेवढा विलंब होतो, तेवढाच, किंबहुना कधी कधी त्याहून अधिक, असलेले ज्ञान एकत्र न आल्यामुळे होतो. कंपवाताचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन या भागात झाला. ते तेथेच वाढले आणि त्याच वस्तीत वैद्यकी करीत राहिले. माणूस मोठा बहुरंगी होता. ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने त्यांनी गोरगरिबांच्या बाजूने राजकीय पुस्तिका लिहिल्या. १७९४ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांना विषारी बाण मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहावे लागले. पुढे जीवाश्मांच्या अभ्यासात ते असे रमले की, त्या विषयावर त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ झाला, आणि १८०७ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या भूविज्ञानमंडळाचे ते एक संस्थापक सदस्य होते. दगडात उमटलेल्या शिंपल्याच्या खुणा बारकाईने पाहणारी ही नजर माणसाच्या चालीकडे वळली आणि १८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी ६६ पानांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध केला.

या निबंधात अवघ्या सहा रोग्यांची हकीकत आहे. त्यातही गंमत अशी की, सहांपैकी दोघेजण पार्किन्सन यांना रस्त्यात भेटले होते आणि एकाला तर त्यांनी केवळ दुरूनच पाहिले होते. तरीही त्यांनी जे टिपले ते आजही ग्राह्य मानले जाते. कंप हात काम करीत असताना नव्हे, तर तो स्वस्थ असताना येतो. शरीर पुढे वाकते. आणि चालता चालता रोगी आपल्याच तोलाच्या मागे धावू लागतो, ही तीन लक्षणे त्यांनी एका सूत्रात गुंफली. एरवी ही लक्षणे वेगवेगळ्या व्याधींच्या नावे मांडली गेली असती. ती एकाच व्याधीची रूपे आहेत हे ओळखणे, हाच त्यांचा शोध. रोगाचे मूळ कोठे, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. मानेतील मज्जारज्जूच्या वरच्या भागात दोष असावा असा तर्क त्यांनी केला. तो चुकीचा ठरला. रोग्याची बुद्धी अबाधित राहते असेही त्यांनी लिहिले. तेही पुढे अपुरे ठरले. पण आपण तर्क करीत आहोत हे त्यांनी लपविले नाही आणि शवविच्छेदन करणाऱ्या तज्ज्ञांनी या व्याधीकडे लक्ष द्यावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा या निबंधाचा फारसा गवगवा झालेला नव्हता.

या निबंधास प्रतिष्ठा मिळवून दिली ती फ्रान्समधील ज्याँ-मार्तँ शार्को यांनी. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात हजारो वृद्ध आणि निराधार स्त्रिया वर्षानुवर्षे राहत असत. तेथे एकच रोगी दहा वर्षे पाहण्याची सोय होती. शार्को यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. या रोगात स्नायूंची शक्ती पुष्कळशी टिकून राहते. म्हणून यास लकवा म्हणणे योग्य नव्हे, असे त्यांनी दाखवून दिले आणि त्यास पार्किन्सन यांचे नाव द्यावे असे सुचविले. शक्ती आहे, इच्छा आहे, पण हालचालीस आरंभच होत नाही, हे या व्याधीचे मर्म त्यांच्या ध्यानी आले. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते असे रोगी सांगत. त्यावरून त्यांनी हादरे देणारी एक खुर्चीही करविली! धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींपासून काढलेली औषधेही वापरली गेली आणि त्यांनी थोडा आराम पडे. परंतु मूळ स्थान अज्ञातच होते.

ते स्थान सापडले एका अपघाती योगायोगाने. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये ब्लॉक आणि मारिनेस्को या वैद्यांनी एका क्षयरोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या शरीराच्या एकाच बाजूस कंपवाताची लक्षणे होती, आणि मृत्यूनंतर मेंदूत विरुद्ध बाजूस क्षयाची एक गाठ आढळली. ती गाठ ज्या जागी होती, ती जागा शरीरशास्त्रज्ञांना अठराव्या शतकापासून ठाऊक होती. मध्यमेंदूतील या पट्ट्याचा रंग काळसर असल्यामुळे तिला लॅटिनमध्ये ‘काळे द्रव्य’ याच अर्थाचे नाव आहे. आपण तिला कृष्णद्रव्य म्हणू. एका गाठीवरून सिद्धांत होत नाही. पण १९१९ साली कॉन्स्टंटिन ट्रेट्याकॉफ या तरुण संशोधकाने पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधासाठी कंपवाताने गेलेल्या नऊ रोग्यांचे मेंदू तपासले. कृष्णद्रव्यातील पेशी त्या सर्वांत झडलेल्या होत्या. काळा पट्टा फिकट पडला होता.

आता या पट्ट्याचे कार्य काय, ते थोडक्यात पाहू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. कृष्णद्रव्यातील ज्या पेशींचा येथे संबंध येतो, त्या दोन्ही बाजू मिळून केवळ काही लाख. परंतु यांतील प्रत्येक पेशीचा तंतू मेंदूच्या गाभ्यातील रेखापिंड नावाच्या भागात जाऊन असंख्य फांद्यांनी पसरतो आणि तेथे डोपामिन नावाचे रसायन सोडतो. चालण्याची इच्छा मेंदूच्या पृष्ठभागावर जन्मते. पायाचे स्नायू हुकमाची वाट पाहत असतात. या दोहोंच्या मध्ये, कोणती हालचाल सोडावयाची आणि कोणती रोखावयाची, हे ठरविण्याचे काम या गाभ्यात चालते. डोपामिन आटले म्हणजे हुकूम सुटतो, अंमलदारही सज्ज असतो, पण मधली मंजुरीच येत नाही. म्हणून रोगी उंबरठ्यावर खिळून उभा राहतो. तो आळशी नसतो, हट्टी नसतो, भित्राही नसतो.

हे ज्ञान मात्र १९१९ मध्ये कोणासही नव्हते. पेशी झडतात एवढेच दिसले होते. त्या काय निर्माण करीत होत्या हे ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी निराळ्या वाटांनी येत होते, आणि त्यांपैकी दोन वाटा आपल्या देशातून जात होत्या.

पहिली वाट शेंगांची. १९१३ साली मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाझेल येथे बाकल्याच्या शेंगांतून डोपा नावाचे द्रव्य वेगळे केले. त्याने त्यातील अडीच ग्रॅम स्वतःच खाऊन पाहिले. त्यास जोराची उलटी झाली आणि या द्रव्यात औषधी गुण विशेष नसावेत असा ग्रह होऊन बसला. पुढे १९३७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेतील एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी हेच द्रव्य एका भारतीय वेलीच्या बियांतून काढले. ती वेल म्हणजे आपली खाजकुहिली. पावसाळ्यानंतर कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर कुंपणाकुंपणावर तिच्या लवदार शेंगा लोंबतात आणि त्या अंगास लागल्या म्हणजे काय होते, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आयुर्वेदात तिला कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता म्हणतात. बलवर्धक आणि वाजीकर म्हणून तिच्या बीजांची ख्याती आहे आणि वातविकारांवरील काही योगांतही तिचा समावेश आहे. मद्रासच्या संशोधकांचा लेख लंडनच्या जीवरसायनविषयक नियतकालिकात छापून आला आणि तेथेच राहिला. कारण डोपाचा आणि मेंदूचा काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्याच स्वप्नात नव्हते.

दुसरी वाट सर्पगंधेची. या वनस्पतीचे मूळ उन्मादावर आणि अनिद्रेवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात असे. उत्तरेकडे तिला ‘पागल की दवा’ असेच नाव आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाची नोंद प्रसिद्ध केली. तिकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव त्यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, बाझेलच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. ते मनोरुग्णांना देऊ लागल्यावर एक चमत्कारिक गोष्ट आढळली. त्यांपैकी काहींचे हात कापू लागले, चेहरे निश्चल झाले, चाल आखूड झाली. औषध बंद केले म्हणजे ही लक्षणे जात. मेंदूतून काहीतरी काढून घेतल्याने तात्पुरता कंपवात उत्पन्न होतो, असा याचा अर्थ होता.

ते ‘काहीतरी’ कोणते, हे स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी शोधले. १९५७ मध्ये लुंड येथे त्यांनी सशांना रेसर्पिन टोचले. ससे कान पाडून दगडासारखे निपचित बसले. मग त्यांना डोपा टोचला. थोड्याच वेळात तेच ससे कान टवकारून उड्या मारू लागले! शरीरात डोपापासून डोपामिन तयार होते. डोपामिन मेंदूच्या भोवतीचा पडदा ओलांडू शकत नाही. डोपा मात्र ओलांडतो. सर्पगंधेने रिकामे केलेले भांडे खाजकुहिलीतील द्रव्याने भरले, असे आपण आपल्या भाषेत म्हणू शकतो, यद्यपि त्या प्रयोगशाळेत या दोन वनस्पतींची भेट झाली ती केवळ रसायनांच्या रूपाने. पुढे कार्लसन आणि त्यांचे सहकारी यांनी मेंदूतील डोपामिनचा मोठा साठा रेखापिंडात असल्याचे दाखविले. या कार्यासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता शेवटचा दुवा जोडावयाचा राहिला होता. तो व्हिएन्नात जोडला गेला. ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रोग्यांच्या रेखापिंडातील डोपामिन मोजले. मोजण्याची रीत रंगाची होती. निरोगी मेंदूच्या नमुन्यात गुलाबी छटा उमटली. कंपवाताच्या नमुन्यात ती जवळजवळ उमटलीच नाही. शंभराहून अधिक वर्षे जे कोणास दिसले नव्हते, ते नुसत्या डोळ्यांना दिसले. १९६० च्या डिसेंबरात हा लेख प्रसिद्ध झाला. १९६१ च्या जुलैत वाल्टर बिर्कमायर यांनी व्हिएन्नातील वृद्धांच्या एका रुग्णालयात डोपाचे इंजेक्शन रोग्यांस दिले. ज्यांना अंथरुणावर उठून बसता येत नव्हते ते बसले, जे बसून होते ते उभे राहिले, जे उभे होते ते चालू लागले. काही तासांनी परिणाम ओसरला आणि पुन्हा पूर्वीची जडता आली. ते थोडेच तास असले, तरी पार्किन्सन यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत होते. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे जॉर्ज कॉटझियास यांनी हेच औषध पोटातून, अल्प मात्रेने आरंभ करून आणि धीराने मात्रा वाढवीत देण्याची रीत बसविली. गुगेनहाइमला झालेली उलटी टळली आणि रोग्यांना लाभ टिकवून धरता आला. १९७० नंतरच्या दशकात डोपाबरोबर देण्याचे साहाय्यक औषध आल्यावर मात्राही पुष्कळ कमी झाली.

येथे ही कथा संपली असती तर ती फार सुखान्त ठरली असती. परंतु डोपाने भांडे भरते. भांड्याची गळती थांबत नाही. पेशी झडतच राहतात. काही वर्षांनी औषधाचा परिणाम मध्येच तुटू लागतो, आणि कधी शरीराला नको असलेले झोके व पिळे पडू लागतात. पेशी का झडतात, हा प्रश्न मागे उरलाच. या प्रश्नाचा एक धागा १९१२ सालीच हाती आला होता. फ्रीडरिश लेवी नावाच्या तरुण वैद्याला कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील पेशींत गोलसर कण दिसले होते. हे काम त्याने म्यूनिकमध्ये आलोइस आल्झहायमर यांच्या प्रयोगशाळेत केले. हे तेच आल्झहायमर, ज्यांनी १९०६ मध्ये एका स्मृतिभ्रंश झालेल्या स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले. लेवी यांचे कण कशाचे बनलेले आहेत हे कळावयास १९९७ साल उजाडावे लागले. आल्फा-सिन्यूक्लीन नावाचे एक प्रथिन त्यांत चुकीच्या घड्या पडून साचलेले असते. स्मृतिभ्रंशात दुसरी प्रथिने, मेंदूचे दुसरे भाग. हंटिंग्टनच्या रोगात आणखी तिसरे. नावे वेगळी, जागा वेगळ्या. पण पेशी हळूहळू, मूकपणे झडत जाणे ही रीत एकच.

या मूकपणातच सर्वांत मोठी अडचण आहे. हात पहिल्यांदा कापतो, तेव्हा कृष्णद्रव्यातील पेशींचा मोठा भाग, काही अंदाजांनुसार निम्मा, आधीच गेलेला असतो. मेंदू उणीव झाकून नेतो. उरलेल्या पेशी अधिक काम करतात. आणि झाकणे अशक्य झाले म्हणजेच ती बाहेर दिसते. आज आपल्याला हेही ठाऊक आहे की, गंधज्ञान मंद होणे, बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे अशी चिन्हे कित्येकदा कंपाच्या अनेक वर्षे आधी येतात. यांपैकी एखादे चिन्ह असले म्हणजे कंपवात होणारच असे मुळीच नव्हे. परंतु रोग जेथे दिसतो तेथे तो सुरू झालेला नसतो, हे ध्यानी धरावयास हवे.

आपल्याकडे हा विकार किती आहे हे पाहण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न मुंबईत झाला. तेथील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन सुमारे चौदा हजार लोकांची पाहणी केली गेली. १९८८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तीत ४६ रोगी आढळले. पार्किन्सन यांनी रस्त्यावर जे केले, तेच येथे शिस्तीने, दारोदार केले गेले. मुंबईतच १९७८ मध्ये वैद्यकसंशोधकांनी खाजकुहिलीच्या बीजचूर्णाचे कंपवातावरील परिणाम तपासून प्रसिद्ध केले. आणि २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रोग्यांवर केलेल्या काटेकोर चाचणीत हे चूर्ण नेहमीच्या औषधापेक्षा लवकर गुण देते असे आढळले. आठ ही संख्या लहान आहे. बियांतील डोपाचे प्रमाणही सर्वत्र सारखे नसते. म्हणून कुंपणावरची शेंग तोडून कोणी घरी औषध करू नये, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

या इतिहासाकडे पाहताना आपल्या मनात दोन परस्परविरुद्ध वृत्ती उठतात. एक म्हणते, हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. दुसरी म्हणते, झाडपाल्यात काय आहे! दोन्ही वृत्ती कष्ट वाचविणाऱ्या आहेत आणि म्हणूनच सोयीच्या आहेत. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांत वेपथूची, म्हणजे कंपाची, गणना आहे; माधवनिदानात सर्वांगाच्या आणि मस्तकाच्या कंपाचे लक्षण आहे. ही नोंद आदरास पात्र आहे. पण कृष्णद्रव्य, डोपामिन आणि खाजकुहिली यांचा संबंध तीत नाही, आणि तो तीत आहे असे म्हणणे म्हणजे त्या ग्रंथकारांचाही अपमान आहे. कारण त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. उलट, सर्पगंधेचे मूळ उगाळणाऱ्या अनाम वैद्याची नोंद कोणी घेतलीच नसती, तर लुंडचे ससे कदाचित निपचित बसलेच नसते.

मद्रासच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये औषध हाती होते. पॅरिसमध्ये १९१९ पासून रोगाचे स्थान हाती होते. या दोन नगरांमध्ये समुद्र होता, पण खरे अंतर समुद्राचे नव्हते. रसायनशास्त्रज्ञाने वैद्याचे वाचावे आणि वैद्याने वनस्पतिशास्त्रज्ञाचे ऐकावे, असा प्रसंगच आला नाही, हे ते अंतर होते. त्या तीस वर्षांत जगभर जे लोक अंथरुणाला खिळून गेले, त्यांची गणना कोणत्याही दप्तरात नाही. पेशींची गळती थांबविणारे औषध अजून सापडलेले नाही. ते सापडेल तेव्हा त्यातील एखादा दुवा आजच कोठेतरी छापून, कपाटात ठेवून, विसरला गेला असेल, असे मानावयास हा इतिहास पुरेसा आधार देतो. तो काढून वाचणारा कोणी निघेपर्यंत आपल्या हाती जे आहे ते थोडे नाही: मंद झालेल्या माणसाला वय झाले म्हणून सोडून न देणे, आणि पार्किन्सन यांनी रस्त्यावरील अनोळखी माणसाकडे जितक्या लक्षपूर्वक पाहिले, तितक्या लक्षाने आपल्या माणसाकडे पाहणे.